सावली पाहून घेतलेलं घर

बाईंवर लिही म्हणून दोघीतिघींनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले, ते एवढ्यासाठी की मी नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील आणि त्यात बाईंची देवी करून टाकील. बाई देवी वगैरे नाहीत. हट्टी आहेत, तिरसट आहेत, आणि सध्या फ्रान्समधल्या डोंगरात स्वतःच्या मालकीच्या दगडी घरात राहतात. बीड जिल्ह्यातली निवृत्त भूगोलाची शिक्षिका, पिरेनीजच्या डोंगरात, मालकीच्या घरात. हे वाक्य कितीदाही लिहिलं तरी माझा हात अडखळतो. मत्सर म्हणा. त्याला दुसरं सोज्वळ नाव शोधत मी बसणार नाही. पत्रकं लिहून लिहून एक सवय लागली आहे, जे आहे ते वरच टाकायचं.

गेवराईच्या शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. उन्हाशी त्यांचं उभं वैर होतं. बाराही महिने काळी छत्री, आणि छत्री असूनही रस्त्याच्या ज्या बाजूला सावली त्याच बाजूनं चालायचं. बाजारपेठेतून शाळेकडं येताना एका दुकानाची ताडपत्री संपली की बाई पलीकडं, पलीकडच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर संपलं की परत अलीकडं. मधून वाळूचे ट्रक धडधडत जात असायचे. बाई हात वर करून ट्रक थांबवायच्या आणि सावकाश सावली बदलायच्या. मागून आम्ही पोरी.

"ओ मॅडम, मरायचं हाय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा.

"मरेन. पण उन्हानं नाही," बाई मान न वळवता म्हणायच्या.

"ऊन फुकट आहे, सावली कमवावी लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य. फळ्यावर नकाशा काढताना, परीक्षेत कमी गुण पडलेल्या पोरीला समजावताना, कुठंही ते यायचं.

वर्गात पृथ्वी फिरवायची वेळ आली की पृथ्वीगोल नेहमी नाझनीनच्या हातात. नाझनीन म्हणजे हायवेवर गॅरेज असलेल्या चाचांची मुलगी, माझ्या शेजारी बसणारी. मी सूर्य. म्हणजे टॉर्च धरून उभी. बाई म्हणायच्या, "नाझनीन, पृथ्वी कलती धर. तू हलू नकोस गं, सूर्य हलत नसतो." दक्षिणायन शिकवून होईपर्यंत माझा हात भरून यायचा, आणि सगळा वर्ग बघायचा तो नाझनीनच्या हातातल्या पृथ्वीकडं. पुढं नाझनीन इंजिनीअर झाली, फ्रान्सात तुलूझला विमानं बनतात तिथं नोकरीला लागली. मी बीडला आले, एकट्या बायकांच्या संघटनेत. टाकलेल्या, विधवा, लग्न न केलेल्या बायका. त्यांच्या नावावर घर व्हावं, निदान भाड्यानं खोली तरी मिळावी, म्हणून आम्ही भांडतो. थोडक्यात, नाझनीन अजून पृथ्वी फिरवते आणि मी अजून हात वर करून उभी आहे.

बाईंनी लग्न केलं नाही आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीनंतर त्या बीडला आल्या, आणि मग दर वर्ष-दोन वर्षांनी खोली बदलणं सुरू झालं. मी बहुतेक वेळा सोबत असायचे. घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"संग कोन राहनार हाय?"

"कपाट."

मालक हसायचा. बाई हसायच्या नाहीत.

"न्हाई, तसं न्हाई मॅडम. मानूस. घरात मानूस कोन?"

"मी."

"तुमी हायतच की. पन बापई मानूस?"

"त्याचं तुम्हाला काय काम पडतं? भाडं मी देणार, पाणी मी भरणार, जिना मी झाडणार. तुम्हाला त्याच्याकडून काही दुरुस्त करून घ्यायचंय का?"

कपाट ही थाप नव्हती. हिरव्या रंगाचं, दोन दारी, लोखंडी कपाट. चौसाळ्याला पहिली नोकरी लागली तेव्हा घेतलेलं. एका दाराच्या आतल्या बाजूला जगाचा नकाशा चिकटवलेला, दुसऱ्या दाराला आरसा. सामान हलवताना टेम्पोत आधी कपाट चढायचं, उतरताना आधी कपाट उतरायचं. नव्या खोलीत कपाटाची भिंत ठरल्याशिवाय गॅसची जागा ठरायची नाही. हमाल वैतागायचे. "बाई, आधी दाराजवळचं उचलू द्या की." बाई दारात छत्री आडवी धरून उभ्या. "आधी कपाट."

खोली सोडायला सांगताना खरं कारण कुणी सांगत नसे. पोराचं लग्न ठरलंय. नारायणगडला येणारे पाहुणे आता आमच्याकडंच उतरतात, जागा पुरत नाही. एका मालकिणीनं मात्र सरळ सांगितलं, आणि तिच्याबद्दल मला अजून आदर आहे. म्हणाली, "बाई, तुमी वाईट न्हाईत. पन तुमचं बघून आमची सूनबी वेगळं कपाट मागायलीय."

बाईंना वास्तुशांतीला जायचा नाद होता. बोलावणं असो नसो. इस्त्रीची सुती साडी, छत्री, आणि आहेर म्हणून एक नकाशा. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे हे बघितल्याशिवाय पानावर बसायच्या नाहीत. एकदा बार्शी रोडवर एका गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, नव्या बंगल्यात गेलो. चकचकीत फरशी, छताला रंगीत दिवे. गुत्तेदाराची बायको नवी पैठणी सावरत जिलबी वाढत होती. बाईंनी भर पंगतीत विचारलं, "घर कुणाच्या नावावर?"

"ह्यांच्या," ती म्हणाली.

"आणि तुझ्या?"

"आमी घराला सासूबाईंचं नाव दिलंय की."

"ते दगडावर दिलंय. उताऱ्यावर कुणाचंय?"

पंगत थांबली. ती लाल झाली आणि म्हणाली, "बाई, जिलबी घ्या." बाईंनी घेतली. आणखी एक मागून घेतली. पुढच्या महिन्यात तीच बायको तोंडाला पदर लावून आमच्या बैठकीला आली आणि नाव लावायचा अर्ज कुठं मिळतो म्हणून विचारून गेली. मी वर्षभर गावोगाव भाषणं करून जे होत नव्हतं ते बाईंनी दोन जिलब्यांत केलं. याचाही मला रागच आला.

आमच्या बैठका कलेक्टर कचेरीच्या बाजूला लिंबाखाली व्हायच्या, अजून होतात. पाऊस आला की चहाच्या हॉटेलाच्या पत्र्याखाली, तिथला मालक कुरकुर करेपर्यंत. नवऱ्यानं मारलेली बाई लिंबाखाली उघड्यावर बसून काय सांगणार? सगळी वर्दळ बघत असते. आम्हाला एक खोली हवी होती, जिचं दार आतून लावता येईल. आणि मलाही हवी होती, कारण लग्नाला नाही म्हणून घरातून निघाल्यापासून मी वर्किंग वुमन हॉस्टेलच्या एका खाटेवर राहते. बाईंना हे माहीत होतं. त्याच एकदा म्हणाल्या, "माझं घर झालं की पुढची खोली तुझी. दार रस्त्यावर ठेवू. तुझ्या बाया येवोत-जावोत, माझा संबंध नाही. फक्त माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

माणूस एकदा असं बोललं की दुसरं माणूस त्या खोलीत राहायला लागतं. मी तर पडद्याचा रंगही ठरवून ठेवला होता.

घर जवळजवळ झालंच होतं. बार्शी रोडच्या मागं एक रो हाऊस, पुढची खोली रस्त्यावर, मागं मोठा लिंब, दुपारभर गच्चीवर सावली. बाईंनी इसार दिला. कागद करायच्या आधी विकणारा म्हणाला, "मॅडम, घर तुमचंच समजा. फकस्त एकदा भावाला घेऊन या. बोलून घेऊ."

"मला भाऊ नाही."

"मग भाचा, पुतन्या. कुनीबी चालंल."

"घर मी घेतेय. त्याच्याशी काय बोलणार?"

"न्हाई म्हंजे, उद्या तुमचं काय झालं तर..."

"काय होईल?"

"आता कसं सांगावं. लगीनबिगीन..."

बाईंनी साठी ओलांडली होती. त्या म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं तर पहिली पत्रिका तुम्हाला. आता कागद करा."

त्यानं कागद केला नाही. भाऊ-भाचे असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी घर दिलं आणि बाईंचा इसार पाकिटात घालून परत आणून दिला. वर नारळ. जसं काही मुलगी पसंत पडली नाही म्हणून आलाय.

मी त्याच दुपारी बसून पत्रक लिहिलं. 'एकट्या बाईला छप्पर नाही, मग विकास कुणाचा?' माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकला आणि परत दिलं. "चांगलं आहे. घर कुठंय?"

"बाई, पत्रकानं लगेच घर मिळत नसतं. दबाव तयार होतो."

"बरं. दबाव तयार झाला की सांग."

मी दबाव तयार केला. कचेरीसमोर धरणं ठरवलं, बाईंच्या घराचा प्रश्न सगळ्यात वर. ऑक्टोबरचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चौसाळ्याहून एसटीनं बायका आल्या, लेकरं काखेत घेऊन आल्या. बाई आल्या नाहीत. मी फोन लावला.

"मी घर बघतेय," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"फ्रान्सात."

"बाई, इथं बाया उन्हात बसल्यात तुमच्यासाठी!"

"मग सावलीत बसव त्यांना."

धरणं उरकून मी तशीच त्यांच्या खोलीवर गेले. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात नाझनीन. मागं डोंगर. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, कशी हाईस? अजून मोर्चेच काढतीस का?"

"तू अजून विमानंच बनवतीस का?" मी म्हणाले.

"भांडू नका. नाझनीन, घर दाखव," बाई म्हणाल्या. पुन्हा गेवराईचा वर्ग.

नाझनीन सुट्टीच्या दिवशी डोंगरात भटकायला जायची, तिथं तिला हे गाव सापडलं होतं. तरणी माणसं शहरात गेलेली, निम्म्या घरांना कुलूप. आपल्या वाड्यावस्त्यांसारखंच, फक्त थंड. म्हणून तिथलं आख्खं दगडी घर बार्शी रोडवरच्या मोकळ्या प्लॉटपेक्षा स्वस्त. हे मी लिहिते आहे आणि पुन्हा चिडते आहे. जाड भिंती, काळ्या दगडी पाट्यांचं उतरतं छप्पर, निळी लाकडी दारं. खाली एक खोली, पूर्वी हिवाळ्यात तिथं मेंढ्या बांधायचे. तिचं दार थेट रस्त्यावर.

घर विकणारा दलाल नाझनीनच्या शेजारी उभा होता, उंच, गळ्यात मफलर. बाईंनी त्याला नळ, गटार, छप्पर काही विचारलं नाही. विचारलं ते एकच, "तिथं आता दुपार आहे ना? मग ऊन कुठंय?"

नाझनीननं मोबाईल गोल फिरवला. घर, अंगण, गल्ली, सगळं गार निळसर सावलीत. घराच्या पाठीशीच उभा डोंगर. खाली नदी, आणि नदीपलीकडची चढण मात्र उन्हात न्हाऊन निघालेली. तिथली घरं चमकत होती.

"बिचारी पलीकडची माणसं," बाई म्हणाल्या. "होरपळत असतील."

दलाल काहीतरी बोलला. नाझनीन म्हणाली, "बाई, हा म्हनतोय, हिवाळ्यात ह्या बाजूला सूर्य लई कमी येतो. पलीकडं एक घर हाय, थोडं महाग हाय, ते बघा म्हनतोय."

"महाग? उन्हात असून?"

"हां."

"लबाड आहे. आपल्याला अडाणी समजतोय. हेच घर घ्यायचं."

"मलाबी हेच बरं वाटायलंय," नाझनीन म्हणाली. "थंडगार हाय बघा."

आणि मी? पंखा गरम हवा फेकत होता, पाठीला कुडता चिकटलेला. मीही मनात म्हणाले, घर काय नशिबाचं मिळालंय, दिवसभर सावली. आम्ही तिघीही गेवराईच्या. दोघींना तर बाईंनीच भूगोल शिकवलेला. एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. तो माणूस इमानदारीनं सांगत होता आणि तिघींनी मिळून त्याला लबाड ठरवलं.

फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "बाई, घर विकत घेणं म्हणजे लढा नव्हे."

"नव्हेच. ते घर आहे."

"आणि माझी खोली?"

"बघितलीस ना आत्ता? खालची. दार रस्त्यावर."

"त्या रस्त्यानं चौसाळ्याच्या बाया येणार आहेत का?"

बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि प्यायल्या.

गावात बातमी फुटली तेव्हा जे व्हायचं तेच झालं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, मुलगा तिकडं असतो का?" बाई म्हणाल्या, "नाही. घर तिकडं असतं." किराणावाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं कुनी गोरा हाय का बाईचा?" म्हणजे बाईनं घर घेतलं तर त्या घरात बाप्या असलाच पाहिजे, नसला तर शोधून बसवायचा. मी त्याला काय बोलले ते इथं छापता येणार नाही.

सहीसाठी मार्चमध्ये बाई स्वतः गेल्या. परत आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. तिथं खरेदीखत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचणारा सरकारनं नेमलेला, टाय घातलेला माणूस, शेजारी नाझनीन दुभाषी. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच बसले होते.

"मधेच थांबला आणि नाझनीनला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, बाई, लगीन झालंय का विचारतोय."

"बघा!" मी उसळले. "तिथंही तेच! जगात कुठंही जा!"

"ऐक तर. मी म्हटलं, नाही म्हण. त्यानं लिहिलं." बाईंनी चष्मा पुसला. "आणि पुढच्या ओळीला गेला."

"मग?"

"मग काही नाही. पुढची ओळ छपराची होती. विचारलं, लिहिलं, पुढच्या ओळीला गेला. मी आपली तयारीत, आता भाऊ विचारेल, भाचा विचारेल. तो छप्पर वाचतोय." त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. "आपल्याकडं गं कुणी पुढच्या ओळीला जातच नाही."

मी इतकी पत्रकं लिहिली, त्यात हे वाक्य नव्हतं. मला ते हवं होतं. बाईंना ते फुकटात सापडलं, तेही परदेशात.

एक गोष्ट माझ्या बाजूची होती. घर घेतलं म्हणून तिथं कायम राहू देत नाहीत, दर वर्षी परवाना मागावा लागतो. मी ते मोठ्या समाधानानं दाखवून दिलं. "घर तुमचं, पण तुम्ही वर्षाच्या बोलीवर."

"मी जन्मभर अकरा महिन्यांच्या करारावर राहिले," बाई म्हणाल्या. "हे तर बारा आहेत."

जूनमध्ये त्या गेल्या. कपाट न्यायचा त्यांनी फार हट्ट केला. "बाई, जहाजानं कपाट आनतेत का कुनी!" नाझनीन फोनवर जवळजवळ रडली. शेवटी टेम्पोत कपाट चढलं ते गेवराईला चाचांच्या गॅरेजात ठेवायला. मोटारसायकलींच्या टायरांच्या बाजूला भिंतीला ते टेकवलं. बाईंनी दार उघडून आतला नकाशा एकदा बघितला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"खोली मिळाली की घेऊन जा."

मला कपाट नको होतं. मला खोली हवी होती, बीडमध्ये, रस्त्यावर दार असलेली, बाईंच्या घरातली. हे मी म्हणाले नाही. किल्ली खिशात टाकली आणि टेम्पोवाल्याशी उगाच भांडले.

नंतर फोटो यायचे. निळी दारं. खिडकीत फुलं. शेजारची मेंढ्यांवाली म्हातारी, जिच्याशी बाई मराठीत बोलायच्या आणि ती तिच्या भाषेत, आणि दोघींचं म्हणे व्यवस्थित जमायचं. एक फोटो खालच्या खोलीचा. पांढरी भिंत, खाट, आणि खुंटीवर नाझनीनचं लाल जाकीट. ती शनिवार-रविवार तिथं राहायला जात होती. फोटोखाली बाईंनी लिहिलं होतं, 'तुझी खोली.' मी जाकीट मोठं करून करून बघितलं. पृथ्वी परत तिच्याच हातात.

नोव्हेंबर अर्धा झाला आणि बाईंचा फोन आला. आवाज बारीक.

"अगं, इथं ऊन गेलं."

"म्हणजे ढग?"

"ढग नाहीत. आभाळ निळंशार आहे. सूर्य दक्षिणेच्या डोंगराच्या वर येतच नाहीये. शेजारच्या म्हातारीनं डोंगराकडं बोट दाखवलं आणि मूठ मिटली. नाझनीननं विचारून सांगितलं, आता थेट जानेवारीच्या शेवटी. पलीकडच्या बाजूला रोज येतं. म्हणून ती घरं महाग."

मी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. उन्हात डोळे उघडत नव्हते.

"बाई," मी म्हणाले, "दक्षिणायन."

मी ओला कुडता दोरीवर टाकला.

"तुम्हीच शिकवलंत. मी टॉर्च धरून उभी होते."

"हो," बाई म्हणाल्या. "टॉर्च तूच धरायचीस."

त्या दिवशी मला मेसचं जेवण गोड लागलं. सरळ सांगते. मला वाटलं, झालं. आता येतील परत. भाड्याची का होईना एक खोली घेऊ, कपाट आणू, बाई मागच्या खोलीत, मी पुढच्या. मी घरं बघायलाही सुरुवात केली, दोघींच्या हिशेबानं.

बाई परत आल्या नाहीत. नाझनीनकडून कळलं ते असं, की रोज दुपारी त्या काळी छत्री मिटवून काठीसारखी टेकत उतार उतरतात, पूल ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात आणि तिथल्या बाकावर उन्हात बसतात. ऊन सरकलं की बाकावर सरकतात. आख्खा बाजार ओलांडून सावलीला जाणारी बाई आता नदी ओलांडून उन्हाला जात होती. तिथली पोरं त्यांना बघून हात हलवतात म्हणे.

"रडत न्हाईत का?" मी नाझनीनला विचारलं.

"कावून रडतील?" ती म्हणाली. "मला म्हनल्या, इथं सावली फुकट हाय गं, ऊन कमवावं लागतं. आन् लई हसल्या."

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडं संध्याकाळ, तिकडं दुपार, व्हिडिओ कॉल आला. बाई स्वेटरवर साडीचा पदर ओढून अंगणात. म्हातारी खुर्ची घेऊन आलेली, त्या बाजूचे आणखी तीन-चार म्हातारे आपापल्या खुर्च्या घेऊन आलेले. सगळे डोंगराकडं बघत. मग डोंगराच्या कडेवर एक ठिणगी दिसली, आणि उन्हाची एक पट्टी अंगणातून सरकत आली आणि उंबऱ्यावर बसली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सगळ्यांना शेंगदाण्याचा लाडू दिला.

"आज वास्तुशांत," बाई मला म्हणाल्या. "ऊन येईपर्यंत थांबले होते."

"पूजेला जोडपं लागतं. कोण बसलं?" मी तिरकस विचारलं.

"ऊन बसलं."

मग त्या मोबाईल घेऊन खालच्या खोलीत गेल्या. तीच खाट, तेच जाकीट. "ही तुझी खोली. कधी येतेस?"

"तिथं जाकीट दुसरीचं आहे."

"मग ये आणि काढून ठेव."

"बाई, मला ती खोली तिथं नको. बीडमध्ये पाहिजे. तुम्ही बीडमध्ये द्यायची म्हणाला होतात."

त्या पाच वर्षांच्या पोरीकडं बघावं तशा माझ्याकडं बघत राहिल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून गावाकडची बोली ऐकली.

"मग बीडात माग की. मला कावून मागतीस?"

फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात बिंदुसरा नदीच्या पलीकडं एक खोली बघायला गेले. या वेळी एकटीच्या हिशेबानं. रिटायर एसटी कंडक्टरचं घर, पुढची खोली, दार रस्त्यावर. कंडक्टर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, संघटना, बैठका, बाया येतील, कधी रडतील, कधी भांडतील. ते शेंगा फोडत राहिले.

"ते समदं ठीक हाय," ते म्हणाले. "पन संग कोन राहनार?"

मी किती वर्षं बाईंच्या मागं उभं राहून हा प्रश्न ऐकला होता. पत्रकातली सगळी वाक्यं तोंडाशी आली. मी म्हणाले, "कपाट."

ते हसले. मी हसले नाही. ते पुढचं विचारणार, एवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"किती दारी हाय?"

"दोन दारी. लोखंडी," मी म्हणाले.

ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, दाराच्या चौकटीला वीत लावून मोजलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आडवं घेतलं की जातंय. ह्या भितीला बसंल."

विचारलं, ऐकलं, आणि पुढच्या ओळीला गेली.

रविवारी चाचांनी स्वतः टेम्पोत कपाट आणून दिलं. बैठक आता आत होते, दार लावून. बाईंना मी काही कळवलेलं नाही. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, सकाळ झाली की ऊन थेट कपाटावर येऊन आदळतं, दुपारपर्यंत लोखंडाला हात लावता येत नाही. त्याचा फोटो काढून ठेवला आहे. डिसेंबर येऊ दे, मग पाठवीन.